गावच्या अंगणवाडीला इमारत आणि पाळणाघराची खोली: निधी कुठून आणायचा, कागद कोणते जोडायचे, कधी धावायचं

गावात अंगणवाडीला इमारत नाही, याचं कारण विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: निधी नाही. खरं तर निधी बऱ्याचदा असतो. तो तीन-चार वेगवेगळ्या लेखाशीर्षांत, म्हणजे सरकारी खर्चाच्या खात्यांत, विखुरलेला असतो आणि प्रत्येक लेखाशीर्षाची वेळ वेगळी. त्यातच जागेचा उतारा तयार नसतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पंचायत समितीतून फोन येतो, "तुमच्याकडे जागा आहे का, प्रस्ताव आजच द्या." ज्या गावाची फाईल कपाटात तयार असते, इमारत त्या गावाला मिळते. हा लेख ती फाईल तयार करण्यासाठी आहे. सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, बचत गटाच्या ताई, पालक, कुणीही तो वापरावा.

आधी ठरवा: मागायचं काय?

'आम्हाला अंगणवाडी द्या' या वाक्यात तीन वेगवेगळ्या मागण्या दडलेल्या असतात, आणि तिन्हींचे दरवाजे वेगळे.

पहिली मागणी नव्या केंद्राची. वाडीवर किंवा पाड्यावर अंगणवाडीच नाही. ग्रामीण भागात ४०० ते ८०० लोकसंख्येला एक केंद्र, आदिवासी आणि डोंगरी भागात ३०० ते ८०० ला एक, असा निकष आहे. वस्ती या निकषात बसत नसेल, पण सहा वर्षांखालची किमान ४० मुलं असतील आणि जवळ केंद्र नसेल, तर मागणीनुसार अंगणवाडीची तरतूद आहे. मात्र नवं केंद्र म्हणजे सेविका आणि मदतनीस यांची नवी पदं. ती केंद्र सरकारच्या मंजुरीशिवाय निघत नाहीत, त्यामुळे हा रस्ता लांबचा.

दुसरी मागणी चालू केंद्राला इमारतीची. अंगणवाडी भरते, पण समाजमंदिरात, शाळेच्या ओसरीवर किंवा कुणाच्या तरी भाड्याच्या खोलीत. पदं मंजूर आहेत, मुलं आहेत, फक्त छप्पर हवं. यश इथे सर्वांत लवकर येतं.

तिसरी मागणी फारसं कुणी करत नाही, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. अंगणवाडीत रोज येऊन बसणारी मुलं तीन ते सहा वर्षांची. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळाला घरपोच आहाराची पाकिटं मिळतात, लसीकरण होतं, वजन घेतलं जातं, पण दिवसभर राहायला जागा मिळत नाही. निंदणी-खुरपणीला जाणारी आई त्याला बांधावर झोळीत टाकते किंवा मोठ्या बहिणीची शाळा बुडते. थोरली मुलंही अंगणवाडी सुटली की दुपारनंतर रिकामी. म्हणून इमारत मागायचीच असेल तर पाळणाघराची खोली त्याच आराखड्यात मागा, असं माझं ठाम मत आहे. एकदा स्लॅब पडला की पुढची दहा-पंधरा वर्षं त्या जागेसाठी दुसरा प्रस्ताव कुणी हातात घेत नाही.

मुलं मोजा, आणि आकडा जुळवा

सेविकाताईंकडे कुटुंब सर्वेक्षणाची नोंदवही असते आणि त्यांच्या मोबाइलवर पोषण ट्रॅकर, म्हणजे अंगणवाडीच्या नोंदींचं सरकारी ॲप. वरच्या कार्यालयात फक्त ट्रॅकरचा आकडा दिसतो. वहीत ५२ मुलं आणि ट्रॅकरवर ३७ असतील, तर तुमच्या गावात ३७ मुलं आहेत, विषय संपला. त्यामुळे ताईंसोबत बसून राहिलेली नावं चढवून घ्या. आधारची अडचण कुणाची, स्थलांतर करून कोण आलंय, कुणाचं नाव माहेरच्या गावात अडकलंय, हे एकेक करून सोडवावं लागतं.

ऊसतोडीला जाणारी गावं असतील तर मोजणी कधी केली याने आकडा पार बदलतो. दिवाळीनंतर मोजाल तर बीड-अहिल्यानगरकडची कित्येक गावं अर्धी रिकामी असतात. अशा गावांनी दोन आकडे द्यावेत, हंगामाआधीचा आणि हंगामातला.

पाळणाघरासाठी वेगळी यादी लागते: सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, आई कोणत्या कामाला जाते, किती वाजता निघते, किती वाजता परतते. एका कागदावर एवढंच. ही यादी बचत गटाने केली तर उत्तम, कारण खरी वेळ बायका बायकांनाच सांगतात.

जागा: फाईल अडते ती इथेच

इमारतीला किमान ६०० चौरस फूट बांधकाम धरलं जातं. त्यात बसण्याची खोली, वेगळं स्वयंपाकघर, कोठी आणि मुलांना वापरता येईल असं शौचालय. खेळायला अंगण आणि पुढे कुंपण हवं, म्हणजे दीड ते दोन गुंठे हाताशी असले तर बरं.

सर्वांत सोपी जागा गावठाणातली, ग्रामपंचायतीच्या मालकीची. तिचा नमुना आठचा उतारा ग्रामपंचायतीतच निघतो. दुसरी चांगली जागा जिल्हा परिषद शाळेच्या आवारातली. पटसंख्या घटल्याने बऱ्याच शाळांत खोल्या रिकाम्या आहेत, आणि अंगणवाड्या शाळेच्या आवारात आणण्यासाठी केंद्राने २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचनाही काढल्या. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि शिक्षण विभागाचं ना हरकत पत्र लागेल. मोडकळीला आलेली वर्गखोली पाडून तिथे बांधायचं असेल तर आधी तिचं निर्लेखन करून घ्या, नाहीतर कागदोपत्री तिथे इमारत उभीच आहे आणि नवी बांधता येणार नाही.

गायरानावर मात्र परस्पर आखणी करू नका. गायरानाचा वापर बदलण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला नाही, मागणी तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि वेळ खाते. वनजमीन असेल तर वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये अंगणवाडीचा स्पष्ट उल्लेख आहे. एक हेक्टरपेक्षा कमी क्षेत्र आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागणार नसतील, तर ग्रामसभेच्या शिफारशीवर ते वळवता येतं. मेळघाट, गडचिरोली, नंदुरबारमधल्या गावांनी हे कलम पाठ ठेवावं.

आणि दानाची जमीन. गावातले कुणी भले गृहस्थ "घ्या दोन गुंठे" म्हणतात, स्टॅम्प पेपरवर संमतीपत्र होतं, इमारत उभी राहते, आणि त्यांच्या पश्चात मुलं कुलूप लावतात. नोंदणीकृत बक्षीसपत्र करा, फेरफार करून सातबारावर ग्रामपंचायतीचं नाव लावून घ्या. जमीन देणाऱ्याचा सत्कार नंतर करा, आधी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जा.

बारा लाखांचं गणित

केंद्राच्या सक्षम अंगणवाडी आणि पोषण २.० योजनेत रोजगार हमीशी सांगड घालून बांधायच्या इमारतीचा खर्च १२ लाख रुपये धरलेला आहे. पूर्वी तो ७ लाख होता. या १२ लाखांचे तीन तुकडे: ८ लाख मनरेगातून, म्हणजे रोजगार हमीतून, २ लाख पंधराव्या वित्त आयोगाच्या अबंधित किंवा तत्सम निधीतून, आणि २ लाख महिला व बालविकास खात्याकडून. शेवटच्या दोन लाखांत केंद्र आणि महाराष्ट्राचा वाटा ६०:४०, म्हणजे १ लाख २० हजार आणि ८० हजार.

कागदावर गणित सुटसुटीत आहे. जमिनीवर प्रत्येक तुकड्याची स्वतःची गोम आहे.

मनरेगात मजुरीवर किमान ६० टक्के आणि साहित्यावर जास्तीत जास्त ४० टक्के हे प्रमाण सांभाळावं लागतं. इमारतीत उलटं होतं, कारण सिमेंट, सळई, विटा यांचाच खर्च मोठा. म्हणून मजुरीप्रधान कामं जोडीला चालू असावी लागतात: वृक्षलागवड, बांधबंदिस्ती, शेततळी. ज्या भागात रोजगार हमीची अशी कामंच निघत नाहीत, तिथे अंगणवाडीच्या साहित्याची बिलं लटकतात. तेव्हा तालुक्याच्या रोजगार हमी कक्षात जाऊन कुशल-अकुशलचं, म्हणजे साहित्य आणि मजुरीचं, प्रमाण सध्या किती आहे हे आधीच विचारा. आणखी एक गोष्ट: मनरेगाची जागा घेणारा नवा कायदा संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये मंजूर केला. त्यामुळे प्रस्तावात हा वाटा कोणत्या योजनेच्या नावाने लिहायचा हे गटविकास अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या. जुन्या नावाने केलेला प्रस्ताव परत येण्याची भीती आहे.

पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच राखलेला: अर्धा स्वच्छतेसाठी आणि अर्धा पाण्यासाठी. उरलेल्या ४० टक्के अबंधित रकमेवर सगळ्या गावाचा डोळा. छोट्या ग्रामपंचायतीला त्यातून दोन लाख काढणं जड जातं. इथे एक रस्ता आहे, तो फार कमी जण वापरतात: शौचालय, शोषखड्डा, नळजोडणी, छतावरच्या पावसाच्या पाण्याची टाकी, ही कामं बंधित निधीतून घ्या. शिवाय पोषण २.० मध्ये शौचालयाला ३६ हजार आणि पिण्याच्या पाण्याला १७ हजारांची वेगळी तरतूद आहे. म्हणजे १२ लाखांतून एवढा भार उतरतो आणि मूळ बांधकाम जरा मोकळं होतं. पंधराव्या आयोगाचा कालावधी ३१ मार्च २०२६ पर्यंतचा आणि पुढची पाच वर्षं सोळाव्याची, त्यामुळे आराखडा करताना कोणत्या आयोगाच्या नावावर काम धरताय ते तपासा.

बारा लाखांबाहेरही पैसे आहेत. जिल्हा वार्षिक योजनेत महिला व बालविकासासाठी तीन टक्के निधी राखण्याचं राज्याचं धोरण आहे. त्याचा निर्णय जिल्हा नियोजन समितीत, पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली होतो. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या स्वउत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणासाठी असतात, ग्रामपंचायतीचेही तसेच. ग्रामपंचायतीची रक्कम लहान असते, पण रंगरंगोटी, फरशी, पंखे एवढं त्यातून निघतं. आमदार आणि खासदार निधीतूनही इमारत घेता येते. पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधी थेट मिळतो, आणि तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड वस्त्यांसाठी २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन या केंद्राच्या योजनेत अंगणवाडीसाठी प्रत्येकी १२ लाखांची तरतूद आहे. तुमचा पाडा त्यात बसत असेल तर बाकीची खटपट बाजूला ठेवा, पहिला अर्ज एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात आणि त्याची प्रत बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे.

एकाच भिंतीवर दोन निधी लावू नका. लेखापरीक्षणात दुबार खर्चाचा आक्षेप निघाला की सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपले पूर्वीचे ग्रामसेवक, दोघेही वसुलीच्या यादीत येतात. मूळ इमारत एका अंदाजपत्रकात, पाळणाघराची खोली दुसऱ्यात, कुंपण तिसऱ्यात, आणि प्रत्येकाची मोजमाप पुस्तिका वेगळी.

ग्रामसभा आणि तारखा

वर्षाचं वेळापत्रक उलटं वाचा. जिल्ह्याचा आराखडा जानेवारी-फेब्रुवारीत ठरतो. त्याआधी, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून पुढच्या वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याचं, म्हणजे 'आमचं गाव, आमचा विकास'चं काम चालतं. रोजगार हमीच्या कामांची यादीही ऑगस्ट ते ऑक्टोबरमधल्या ग्रामसभांतच मंजूर होते. म्हणजे जागा आणि मुलांची यादी १५ ऑगस्टपर्यंत तयार हवी. मे-जूनमध्ये कामाला लागलात तर जमेल. डिसेंबरात जाग आली तर ती फाईल पुढच्या वर्षाची.

नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे. बहुतेक ठिकाणी ती वहीत होते. या एका विषयासाठी ती खरीखुरी भरवा आणि ठराव आधी तिथे करून घ्या. पुढे ग्रामसभेत कुणी गावाच्या कमानीचा विषय रेटू लागलं, तर महिला सभेचा ठराव टेबलावर असतो. ग्रामसभेला गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल ती, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. तहकुबीवर ठराव होतो खरा, पण भरल्या सभेतला ठराव वरच्या बैठकीत वेगळा बोलतो.

ठरावाची भाषा मोघम नको. 'अंगणवाडी इमारत बांधणे' एवढ्यावर भागत नाही. केंद्राचा क्रमांक, जागेचा गट किंवा मिळकत क्रमांक, क्षेत्रफळ, मुलांची संख्या, पाळणाघरासाठी जादा खोली, कोणता वाटा कोणत्या निधीतून, आणि पूर्ण झाल्यावर वीजबिल व देखभाल ग्रामपंचायत करेल ही हमी, हे सगळं त्यात यायला हवं.

प्रस्ताव सेविका आणि पर्यवेक्षिकांमार्फत बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे, तिथून जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाच्या उपमुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे जातो. एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांना, एक तालुक्याच्या बांधकाम उपअभियंत्यांना. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का. शिक्का नसलेली फाईल दिलीच नाही असं समजा. महिना-दोन महिने हालचाल दिसली नाही, तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा आणि फक्त 'सद्यःस्थिती व टिपणीची प्रत' मागा. भांडण न करता फाईल कुठल्या टेबलावर आहे ते कळतं.

अंदाजपत्रक

सहाशे चौरस फुटांना १२ लाख म्हणजे फुटाला दोन हजार. त्यात वायरिंग, शौचालय, रॅम्प आणि कर. सपाट, मुरमाड जमिनीवर रस्त्याकडेला हे जमतं. मराठवाडा-विदर्भाच्या काळ्या मातीत नाही जमत. ती माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि उथळ पायावरच्या भिंतींना दुसऱ्याच वर्षी तडे जातात. जमीन काळी असेल तर शाखा अभियंत्यांना जागेवर खड्डा घेऊन दाखवा आणि जादा खोल पाया, मुरूम भरणी अंदाजपत्रकात लिहून घ्या. डोंगरी भागात वाहतुकीचं अंतर नीट धरलंय का ते पाहा, ठेकेदार काम अर्ध्यावर सोडतात ते बहुधा याच कारणाने. कोकणात जांभा जवळ मिळत असेल तर विटांचा आग्रह कशाला?

छापील नकाशा आला तरी काही गोष्टी हट्टाने मागून घ्या. स्वयंपाकघर खेळण्याच्या खोलीतून न जाता वेगळ्या दाराचं, सिलिंडर बाहेर जाळीत. शौचालयाची भांडी लहान मुलांच्या मापाची, कडी बाहेरून मोठ्यांना उघडता येईल अशी. खिडकी खाली, म्हणजे बसलेल्या मुलाला बाहेरचं दिसेल. रॅम्प खरोखर चाकाची खुर्ची चढेल एवढ्या उताराचा. स्लॅबला पाणीगळती रोखणारा थर, कारण गळकी अंगणवाडी पावसाळ्याचे चार महिने बंदच असते. आधी तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता की उलट, यावर कार्यालयागणिक वेगळं ऐकू येतं. दोन्ही कागद हातात आल्याशिवाय कुदळ मारू नका, एवढं पुरे.

पाळणाघर

२०२२ मध्ये राष्ट्रीय पाळणाघर योजनेचं रूप बदलून ती केंद्राच्या महिलांसाठीच्या मिशन शक्तीत 'पाळणा' नावाने आली. आता अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर चालवता येतं. सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, एका केंद्रात २५ पर्यंत, महिन्याला २६ दिवस, रोज साडेसात तास, एक पाळणा सेविका आणि एक मदतनीस. केंद्र-राज्य वाटा ६०:४०. देशभरात अशा १७ हजार केंद्रांचं उद्दिष्ट आहे. महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यात ३४५ केंद्रं ठरली, आणि राज्यात अंगणवाड्या एक लाख दहा हजारांवर आहेत. म्हणजे सव्वातीनशे अंगणवाड्यांमागे जेमतेम एक. चढाओढ किती असेल ते समजून घ्या.

पाळणाचा पैसा मुख्यतः चालवण्याचा आहे: मानधन, आहार, साहित्य. भिंती त्यात येत नाहीत. म्हणूनच ज्या अंगणवाडीत खोली तयार आहे तिचं नाव पुढे सरकतं. एका मुलामागे दहा-बारा चौरस फूट धरले तर २५ मुलांना अडीचशे ते तीनशे चौरस फूट लागतात, वरच्याच दराने पाच-सहा लाखांचं काम. हे जिल्हा नियोजन, आमदार निधी किंवा जवळच्या कारखान्याच्या सामाजिक दायित्व निधीतून वेगळ्या अंदाजपत्रकाने घ्या. शाळेची रिकामी खोली मिळाली तर दुरुस्तीवर निभावतं. प्रस्तावासोबत आयांच्या कामाच्या वेळांची ती यादी जोडा. सरकारी फाईलीत असा कागद क्वचित दिसतो, आणि तो वाचला जातो.

खासगी पाळणाघर काढू इच्छिणाऱ्या ताईंना सरळ सांगतो: वर सांगितलेल्या योजनांत खासगी इमारतीला अनुदान नाही. मुद्रा कर्ज आहे, शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोरमध्ये ५ लाखांपर्यंत, पण ते फेडायचं कर्ज आहे.

काम सुरू झाल्यावर

पाया, जोता, लिंटेल, स्लॅब या प्रत्येक टप्प्यावर मोजमाप आणि अक्षांश-रेखांशासह फोटो लागतात. फोटो राहिला तर हप्ता राहिला. ग्रामपंचायतीने मुलांच्या दोन आया आणि सेविकाताई यांची देखरेख समिती नेमावी आणि अंदाजपत्रकाची प्रत त्यांच्या हाती द्यावी. वीट किती भाजलेली आहे आणि स्लॅबवर पाणी किती दिवस मारलं, हे बघायला अभियंता असावं लागत नाही.

काम संपलं की पूर्णत्वाचा दाखला, उपयोगिता प्रमाणपत्र, मालमत्ता नोंदवहीत नोंद आणि बालविकास प्रकल्पाकडे ताबा, हे चारही कागद एकाच महिन्यात करून घ्या. उपयोगिता प्रमाणपत्र रखडलं तर तालुक्याचा पुढचा निधीच अडतो आणि बोल तुमच्या गावाला लागतो. वीजमीटरचा अर्ज मात्र स्लॅब पडताच करा, ग्रामपंचायतीच्या नावाने. सक्षम अंगणवाडीत एलईडी पडदा आणि पाणी शुद्धीकरण यंत्र येतं, पण मीटर नसेल तर ती खोक्यांतच राहतात, आणि वर्षभराने हमीपत्राची मुदत संपलेली असते.